बटण दाबलं की मॉनिटर काळा: एका टेबलावर दोन कॉम्प्युटर

संध्याकाळी साडेसहाला ऑफिसचं काम आवरायचं, दोन्ही कॉम्प्युटरना जोडलेल्या डबीवरचं बटण दाबायचं आणि त्याच मॉनिटरवर, त्याच कीबोर्ड-माऊसवर घरचा डेस्कटॉप घ्यायचा. सकाळी उलट. अपेक्षा एवढीच होती. संध्याकाळी हे बहुतेक वेळा नीट व्हायचं. सकाळी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा बटण दाबलं की पडदा काळा, त्यावर 'नो सिग्नल'ची पाटी इकडून तिकडे तरंगायची आणि थोड्या वेळाने मॉनिटर झोपी जायचा. मग टेबलाखाली वाकायचं, वायर काढायची, फुंकर मारायची (फुंकरीने काही होत नाही, पण कॅसेटच्या काळातली सवय), परत लावायची. पावणेदहाची मीटिंग असेल त्या दिवशी तर हमखास.

डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये दुसरं टेबल मांडायला जागा नाही, आणि दोन मॉनिटर शेजारी ठेवले तर जेवायला ताट कुठे ठेवायचं हा प्रश्न. त्यामुळे हा त्रास मिटवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मिटवायला आठ महिने लागले, कारण सात महिने मी चुकीच्या गोष्टीला दोष देत होते.

सामान असं: २७ इंची, बारीक ठिपक्यांचा ४के मॉनिटर, त्याला चित्राच्या केबलसाठी दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. कंपनीचा विंडोजवाला लॅपटॉप, झाकण बंद करून बाजूला उभा. घरचा असेंबल केलेला डेस्कटॉप, ज्यावर मी रात्री मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. आणि मध्ये केव्हीएम स्विच, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस तिन्ही एका बटणावर इकडून तिकडे फिरवणारी डबी. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. "दादा, ४के चालेल ना?" "मॅडम, खोक्यावर लिहिलंय बघा." लिहिलं होतं खरं. काय लिहिलं नव्हतं ते पुढे येईल.

आधी बघा, गेलंय काय?

'स्विच चालत नाही' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. त्या डबीतून दोन वेगळ्या गोष्टी जातात: चित्र आणि हात. चित्र एचडीएमआयने, हात म्हणजे कीबोर्ड-माऊस यूएसबीने. दोन्हींचे आजार वेगळे, औषधं वेगळी. पडदा काळा झाल्यावर आपल्याला वाटतं सगळंच गेलं, कारण दिसत काहीच नाही.

म्हणून पडदा काळा असताना कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, तर तो कॉम्प्युटर जागा आहे आणि कीबोर्ड त्याच्यापर्यंत पोचलाय. यूएसबी कीबोर्डवरचा तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, पलीकडचा कॉम्प्युटर लावायला सांगतो. दिवा लागला म्हणजे हात शाबूत, फक्त चित्र हरवलंय. दिवा मख्ख राहिला तर एकतर कॉम्प्युटर झोपलाय किंवा यूएसबीची बाजू अडकलीय. या एका चाचणीने माझा निम्मा गोंधळ संपला. माझ्याकडे दहातल्या आठ वेळा दिवा लागत होता. म्हणजे मी महिनोन् महिने लॅपटॉप रिस्टार्ट करत होते ते फुकट.

उरलेल्या दोन वेळांचं कारण झाकण निघालं. लॅपटॉपचं झाकण बंद, बाहेरचा मॉनिटर डबीने काढून घेतलेला, म्हणजे त्याच्या लेखी एकही पडदा उरला नाही. मग तो झोपतो. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण बंद केल्यावर काय करायचं' हे ठरवता येतं. चार्जर लावलेला असताना 'काहीच करू नकोस' ठेवलं आणि तो प्रकार थांबला. फक्त त्यानंतर लॅपटॉप तसाच बॅगेत टाकू नका, आत जागाच राहिला तर इडलीपात्र होतं. मॅकबुक झाकण बंद करून वापरत असाल तर हा त्रास जास्त जाणवेल, कारण बाहेरचा पडदा गेला की ते सहसा झोपतंच.

चित्र का हरवतं

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याचं ओळखपत्र असतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटचा मूळ तुकडा, एचडीएमआय मॉनिटरमध्ये त्याला सहसा आणखी १२८ बाइटची पुरवणी. मी अमुक कंपनीचा, इतक्या इंचाचा, मला ही ही रिझोल्यूशन झेपतात, असं सगळं त्यात. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची, एकोणिसावी, फक्त 'मी आलोय' हे सांगण्यासाठी असते. ती जागी झाली की कॉम्प्युटर ओळखपत्र मागून घेतो, वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो.

स्वस्त डबी बटण दाबल्यावर सगळ्या तारा धाडकन तोडते. सोडलेल्या कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर उपटून नेला. परत आल्यावर ओळख नव्याने. रोज सकाळी वॉचमनने तोंडओळख असूनही रजिस्टरमध्ये सही मागावी तसं. ही ओळख वाचताना गडबड झाली की दोनपैकी एक होतं: पडदा काळाच राहतो, नाहीतर १०२४ बाय ७६८ चं ढोबळ, फुगलेलं चित्र येतं. तुमच्याकडे फुगलेलं चित्र येत असेल तर जवळजवळ नक्की समजा, ओळखपत्र अर्धवट वाचलं गेलंय.

चित्र परत आल्यावर खिडक्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या दिसतात, त्याचं कारणही हेच. मॉनिटर गेला असं वाटल्यावर विंडोज सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर कोंबतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे दोन खुणा आहेत: मॉनिटरप्रमाणे खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवणं आणि मॉनिटर गेल्यावर त्या खिडक्या मिनिमाइज करणं. दोन्ही लावा. माझ्या एक्सेलच्या खिडक्या त्यानंतर बऱ्यापैकी आपापल्या जागी परततात. बऱ्यापैकी म्हणतेय, शंभर टक्के नाही.

काही महाग डब्या हे ओळखपत्र स्वतःकडे जपून ठेवतात आणि बटण कुठेही असो, दोन्ही कॉम्प्युटरना 'मॉनिटर इथेच आहे' असं दाखवत राहतात. त्याला ईडीआयडी इम्युलेशन म्हणतात. नवी केव्हीएम घ्यायची असेल तर खोक्यावर ४के आहे का हे नंतर बघा, हा शब्द आधी शोधा. लिहिलेला नसेल तर ती सोय नाही असंच धरून चला.

पडदा काळा असताना वायर न उपटता करून बघण्यासारखे उपाय, मी ज्या क्रमाने करते त्या क्रमाने: आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम. यात ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो, 'टुप्' असा आवाज येतो, उघडी कामं जात नाहीत. नाही आलं तर विंडोज आणि पी, मग बाणाचं बटण एकदा खाली, एंटर. आंधळेपणाने का होईना, डिस्प्लेचा प्रकार बदलला की कॉम्प्युटर पुन्हा मॉनिटर शोधतो. तरीही नाही तर मॉनिटर भिंतीवरच्या बटणावरून बंद, अर्धं मिनिट थांबून चालू. पुढचं टचबटण दाबून मॉनिटर खरा बंद होत नाही, आतला भाग जागाच राहतो.

हे झाले तात्पुरते उपाय. सहा महिने मी यांवरच दिवस काढले.

लपंडाव

एका रविवारी मी मुद्दाम बसले आणि बटण वीस वेळा दाबून वहीत लिहिलं. काळा पडदा आला की मॉनिटरच्या कोपऱ्यात बघायचं. तेव्हा दिसलं की 'एचडीएमआय १' गेल्यावर मॉनिटर स्वतःच 'एचडीएमआय २' वर जातो, तिथून 'डिस्प्लेपोर्ट'वर, तिथून परत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद. ऑटो सोर्स सिलेक्ट नावाची ही सोय कंपनीने कौतुकाने चालू करून दिलेली असते. इकडे लॅपटॉप मॉनिटरची वाट बघतोय, तिकडे मॉनिटर दुसऱ्या खोलीत डोकावतोय. तो परत येईपर्यंत लॅपटॉपने आशा सोडलेली. दोघं एकमेकांशी लपंडाव खेळत होते आणि मी वायर उपटत होते.

मॉनिटरच्या मेनूत जाऊन ऑटो सोर्स बंद केला. त्याच मेनूत डीप स्लीप किंवा पॉवर सेव्हिंग नावाचं काहीतरी होतं, तेही बंद केलं. गाढ झोपेतला मॉनिटर ओळखपत्र द्यायला वेळ लावतो. त्या एका दिवसात काळ्या पडद्यांची संख्या वीसपैकी सहावरून दोनवर आली. मेनूतल्या दोन खुणांनी. मला रडू आलं नाही, पण हसूही आलं नाही.

खोक्यावर न लिहिलेलं

राहिलेल्या दोनसाठी एक चाचणी अशी आहे की ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन तात्पुरतं १९२० बाय १०८० करा आणि मग बटण वीस-तीस वेळा दाबून बघा. एकदाही पडदा काळा झाला नाही, तर दोष केबलचा किंवा डबीच्या दमाचा आहे, ओळखपत्राचा नाही.

कारण साधं आहे. १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआयवर दर सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट माहिती न्यावी लागते. ४के तेवढ्याच वेगाने पाठवायला जवळजवळ १८ गिगाबिट. चौपट. एचडीएमआय २.० ची कमाल मर्यादाच १८ आहे, म्हणजे तार काठोकाठ भरलेली. त्यात माझी रचना अशी: लॅपटॉप ते डबी दोन मीटर, डबी ते मॉनिटर दोन मीटर. मला वाटायचं दोन छोट्या केबल आहेत. पण साध्या डबीत सिग्नलला पुन्हा जोर देणारं काही नसतं. तिच्या दृष्टीने, आणि मॉनिटरच्याही, ती चार मीटरची एक केबल आहे, आणि मधे दोन सांधे. पाण्याच्या पाइपला सांधे वाढवले की चौथ्या मजल्यावर धार बारीक होते, हे आमच्या सोसायटीत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आणि खोक्यावरचं '४के'? ते खरंच होतं, पण ३० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ गिगाबिट, त्यात ४के सेकंदाला ३० वेळाच बसतं. डेस्कटॉपवर माऊसचा बाण मला कायम चिखलातून चालल्यासारखा वाटायचा, मी माऊसला दोष देत एक नवाही आणला होता. तुमच्याकडे बाण जड वाटत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट बघा. ३० दिसलं तर माऊस निर्दोष आहे. गंमत म्हणजे ती डबी लॅपटॉपला मात्र ६० जाऊ देत होती, कारण तिला तेवढा दम नसला तरी ती अडवतही नव्हती. म्हणूनच लॅपटॉप कधी चालायचा, कधी आपटायचा. बिघाड कधी येतो, कधी जातो तेव्हा अशी काठावरची गोष्ट शोधावी.

केबल घेताना 'प्रीमियम हाय स्पीड' असं लेबल आणि त्यावर स्कॅन करायचा कोड असलेली घ्या. ती १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. लांबी लागेल तेवढीच. डिस्प्लेपोर्टची केबल घेत असाल तर अगदी फडतूस नको; काही हलक्या केबलमध्ये विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, जी नियमाप्रमाणे जोडायची नसते. त्यातून मॉनिटरकडून कॉम्प्युटरच्या कार्डात उलटी वीज शिरते आणि कॉम्प्युटर चालूच न होण्यासारखे चक्रम प्रकार घडतात.

चित्र आणि हात वेगळे केले

इथे मला साधा प्रश्न पडला, जो पहिल्या दिवशी पडायला हवा होता. मॉनिटरला तीन इनपुट आहेत. कॉम्प्युटर दोन. मग चित्र डबीतून न्यायचंच कशाला?

लॅपटॉपची केबल थेट 'एचडीएमआय १' ला. डेस्कटॉपची थेट 'डिस्प्लेपोर्ट'ला. केव्हीएम काढून टाकली आणि तिच्या जागी फक्त यूएसबीचा स्विच लावला: दोन कॉम्प्युटर आत, चार उपकरणं बाहेर, वर एक बटण. केव्हीएमच्या निम्म्याहून कमी पैशांत आला. आता दोन्ही कॉम्प्युटर मॉनिटरला कायम जोडलेले. माझा मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर असतानाही पहिल्याला 'मी इथे आहे' म्हणत राहतो, त्यामुळे ओळख नव्याने होत नाही, खिडक्या हलत नाहीत, आणि ४के ६० हर्ट्झ दोन्हीकडे. सगळे मॉनिटर असे वागत नाहीत. काही, विशेषतः डिस्प्लेपोर्टवर, इनपुट बदललं की आधीच्या कॉम्प्युटरशी संबंधच तोडतात. तुमचा कसा आहे ते विकत घेण्याआधीही कळतं: दोन्ही केबल थेट लावा आणि मॉनिटरच्या मेनूतून इनपुट बदलून बघा. पैसे शून्य.

तोटा एकच, बटणं दोन झाली. एक यूएसबीचं, एक मॉनिटरच्या मागचं, आणि मागचं म्हणजे चार सारखी बटणं अंधारात चाचपायची. त्यालाही तोड आहे. बहुतेक मॉनिटर कॉम्प्युटरकडून आलेला हुकूम ऐकतात. ब्राइटनेस, आवाज, आणि इनपुटसुद्धा. त्या भाषेचं नाव डीडीसी-सीआय, मेनूत ती चालू असावी लागते. लिनक्सवर 'डीडीसीयूटिल', विंडोजवर 'कंट्रोल माय मॉनिटर' ही फुकट साधनं हे करतात. मी वापरते ते 'डिस्प्ले स्विच' नावाचं छोटं मुक्त सॉफ्टवेअर. ते फक्त एका यूएसबी उपकरणावर लक्ष ठेवतं. कीबोर्ड डेस्कटॉपला आला की मॉनिटरला सांगतं डिस्प्लेपोर्टवर ये. कीबोर्ड गेला की सांगतं एचडीएमआयवर जा. म्हणजे यूएसबीचं एक बटण दाबलं की चित्र आपोआप मागे येतं.

हे फक्त घरच्या डेस्कटॉपवर टाकलंय, कंपनीच्या लॅपटॉपला हात लावलेला नाही. एकाच बाजूने दोन्ही हुकूम देता येतात, अट इतकीच की मॉनिटरने दुसऱ्या इनपुटवर असतानाही पहिल्याचं ऐकायला हवं. माझा ऐकतो. नसता ऐकला तर येताना मागचं बटण एकदा दाबावं लागलं असतं, जाताना नाही.

कंपनीच्या लॅपटॉपबद्दल जरा थांबून सांगते. 'माऊस विदाउट बॉर्डर्स', जे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये मिळतं, किंवा 'इनपुट लीप' अशी सॉफ्टवेअरं एकच माऊस नेटवर्कवरून दोन कॉम्प्युटरमध्ये फिरवतात. चांगली आहेत. पण त्यात तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण, पासवर्डसकट, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधून जातं. कंपनीच्या मशीनवर आयटीला न विचारता असलं काही टाकू नका. यूएसबी स्विचचं तसं नसतं, कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो साधा हब, एका भोकाची चार करणारा. तरीही आमच्याकडे पेनड्राइव्ह बंद आहे, त्यामुळे स्विचला पेनड्राइव्ह लावलेला राहिला की सकाळी सकाळी लाल सूचना आणि मग खुलासा देणारा ईमेल.

आता हातांचं

यूएसबीच्या बाजूला त्रास कमी, पण चिवट.

वीज पहिली. यूएसबी २.० च्या एका पोर्टने द्यायची वीज ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. स्विचच्या चारही भोकांत मिळून तेवढीच. दिवे लावलेला मेकॅनिकल कीबोर्ड, वेबकॅम, हेडसेटचा डोंगल (वायरलेससाठी यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) आणि कुणीतरी चार्जिंगला लावलेला फोन (आमच्याकडे हे 'कुणीतरी' नववीत आहे) एवढं झालं की वेबकॅम मीटिंगच्या मधोमध गायब. फोन काढला की परत. स्विचला पाच व्होल्टच्या अडॅप्टरसाठी बाजूला छोटं भोक असेल तर ते वापरा, शोभेचं नसतं ते.

स्विचला एक्स्टर्नल हार्ड डिस्क कधीही लावू नका. बटण दाबणं म्हणजे चालू डिस्क उपटणं. माझ्या एका पुस्तकाची दोन प्रकरणं त्यात गेली, बॅकअप होता म्हणून निभावलं. डिस्क थेट डेस्कटॉपच्या मागे लावलीय.

वायरलेस माऊस अडखळत असेल, बाण उड्या मारत असेल, तर स्विच बघण्याआधी डोंगलची जागा बघा. यूएसबी ३ च्या तारांमधून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि आपले वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक निबंध काढला होता. उपाय मजेशीर स्वस्त आहे: अर्ध्या-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल स्विचपासून लांब, माऊसच्या जवळ आणा. मी तो मॉनिटरच्या पायाला चिकटपट्टीने लावलाय. नवा आणलेला माऊस तेव्हापासून उत्तम चालतो. जुनाही चालला असता.

बटण दाबल्यावर पाच-सात सेकंद कीबोर्ड मेला, मग जिवंत झाला, तर घाबरू नका. कॉम्प्युटर उपकरणांची हजेरी घेतोय. कायमचा मेला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे' ही खूण काढा. कंपनीच्या लॅपटॉपवर ती खूण करडी, दाबता न येणारी असू शकते. मग आयटीला कळवा आणि वाट बघा.

जुनीच केव्हीएम वापरत असाल तर एक बारीक गोष्ट. तिच्यावर कीबोर्डचं चित्र काढलेलं जे भोक असतं, ते साधं यूएसबी नसतं. डबी तुमचा कीबोर्ड स्वतः वाचते आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की बाजू बदलते. जास्तीच्या बटणांचे कीबोर्ड आणि कीबोर्ड-माऊस दोघांना एकच डोंगल असलेल्या जोड्या तिथे अडखळतात. त्यांना शेजारच्या साध्या यूएसबी भोकात लावा. स्क्रोल लॉकची करामत जाईल, बाकी सगळं चालेल.

मराठी टंकणाऱ्यांसाठी: कीबोर्ड तोच असला तरी मांडणी कॉम्प्युटरच्या पोटात असते. डेस्कटॉपवर माझी इनस्क्रिप्ट ही मराठी मांडणी, लॅपटॉपवर नुसतं इंग्रजी. बाजू बदलल्यावर 'सुधारित मसुदा पाठवत आहे' हे मी एकदा टीमच्या ग्रुपवर रोमन लिपीतल्या अगम्य खिचडीत टाकलंय. दोन्हीकडे विंडोज आणि स्पेस दाबून मांडणी बघायची सवय लावा. दुसरा कॉम्प्युटर मॅक असेल तर कमांड आणि ऑप्शन ही बटणं साध्या कीबोर्डवर उलटी पडतात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या मॉडिफायर कीजमध्ये त्या कीबोर्डपुरती अदलाबदल करता येते.

टाइप-सीवाल्यांनी एवढंच तपासा: फोनच्या चार्जरची केबल तशीच दिसत असली तरी सहसा चित्र नेत नाही, आणि लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी भोकही नेत नाही. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा विजेचा बाण शोधा, नाहीतर मॉडेलचं माहितीपत्रक. चित्र येतंय पण ४के ला ३० हर्ट्झच मिळतंय, तर मॉनिटरच्या मेनूत यूएसबी-सीसाठी 'हाय डेटा स्पीड'ऐवजी 'हाय रिझोल्यूशन' निवडून बघा. एकाच तारेतल्या चार वाटांपैकी दोन डेटाने अडवलेल्या असतात.

पंखा

एक प्रकार मी सगळ्यात शेवटी लिहितेय, कारण तो कुणाला सांगितला की आधी हसतात. हॉलमधल्या पंख्याचं बटण बंद केलं की मॉनिटर एक सेकंद काळा होऊन परत यायचा. सासूबाईंनी पंखा बंद केला की माझा पडदा डोळा मिचकवायचा. सुरुवातीला योगायोग वाटला. वहीत लिहिल्यावर कळलं, नाही.

पंखा, जुन्या चोकची ट्यूबलाइट, मिक्सर यांचं बटण उघडताना सूक्ष्म ठिणगी पडते आणि तिचा झटका वायरिंगमधून आणि हवेतून पसरतो. काठोकाठ भरलेल्या, लांब, हलक्या एचडीएमआय केबलला तेवढा धक्का पुरतो. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठतानासुद्धा काही जणांचा मॉनिटर असाच मिचकावतो, तीच जात. थेट आणि चांगली केबल आल्यावर माझा हा प्रकार जवळजवळ थांबला.

जवळजवळ, कारण दुसरा अर्धा भाग भिंतीत होता. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. दोन पिनांच्या अडॅप्टरवर त्या थोड्या येतातच, आतल्या फिल्टरमधून अगदी किंचित वीज पत्र्यावर उतरते. पण केबलने, मॉनिटरमार्फत, लॅपटॉप डेस्कटॉपशी जोडलेला असताना, आणि डेस्कटॉपला अर्थिंग असताना, त्या थांबायला हव्या होत्या. थांबत नव्हत्या. इलेक्ट्रिशियनदादांनी सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. तीन पिनांचं सॉकेट, आणि अर्थिंग म्हणून नुसती हवा. जुन्या इमारतींत हे फार आढळतं. अशा वेळी दोन कॉम्प्युटरच्या पत्र्यांमध्ये व्होल्टेजचा फरक राहतो आणि चालू असताना एचडीएमआय घालताना-काढताना ठिणगी पोर्टमध्ये पडू शकते. म्हणजे रोज सकाळी टेबलाखाली वाकून मी जी वायर उपटत होते, त्यात दोन्ही मशीनचे पोर्ट शाबूत राहिले हे नशीबच. अर्थिंग ओढून घेतलं, मॉनिटर आणि दोन्ही कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले. झिणझिण्या गेल्या, पंखाही सुटला.

सध्या एकच खोड उरलीय. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की त्या क्षणभरात मॉनिटर बंद पडून चालू होतो आणि न विचारता 'एचडीएमआय १' वर जाऊन बसतो, मी डेस्कटॉपवर असले तरी. तेव्हा यूएसबीचं बटण दोनदा दाबते, एकदा तिकडे, एकदा इकडे, आणि चित्र परत येतं. लॅपटॉपच्या केबलच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, पुढे कधी वाकायची वेळ आलीच तर अंधारात कुठली कुणाची हे बघायला.